पहाटेच्या दारातला बासरीवाला

पिंक फ्लॉइडच्या पहिल्या पर्वाची ओढ अर्धशतकानंतरही का ओसरत नाही?

पिंक फ्लॉइड हे नाव उच्चारताच बहुतेक श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे काळ्या पार्श्वभूमीवरचा लोलक आणि त्यातून फाकणारे सप्तरंग उभे राहतात. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) हा त्यांचा अल्बम जगात सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक असून, त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे मानले जाते. ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) आणि ‘द वॉल’ (१९७९) यांनी ही कीर्ती आणखी वाढवली. मात्र, चाहत्यांमध्ये असाही एक वर्ग आहे की ज्याच्या लेखी खरा पिंक फ्लॉइड या यशापूर्वीच संपला. या मंडळींचे मन रमते ते १९६७ सालात, सिड बॅरेट या एकवीस वर्षांच्या गायक-गिटारवादकाने रचलेल्या मोजक्या गाण्यांत. या ओढीला मराठीत ‘स्मरणरंजन’ असा नेमका शब्द आहे. पण ज्या काळाचे रंजन करायचे, तो काळ यातील बहुसंख्य श्रोत्यांनी पाहिलेलाच नाही आणि त्या काळाचा नायक स्वतः मात्र तो विसरू पाहत होता. म्हणूनच हे प्रकरण केवळ आवडीनिवडीचे राहत नाही.

केंब्रिज ते लंडन

रॉजर कीथ बॅरेट याचा जन्म ६ जानेवारी १९४६ रोजी केंब्रिज येथे झाला. ‘सिड’ हे त्याला किशोरवयात मिळालेले टोपणनाव. वडील रोगनिदानतज्ज्ञ होते. १९६१च्या अखेरीस त्यांचे निधन झाले, तेव्हा सिड सोळा वर्षांचाही नव्हता. चित्रकला हे त्याचे पहिले प्रेम. १९६४ मध्ये तो लंडनच्या कॅम्बरवेल कला महाविद्यालयात चित्रकला शिकण्यासाठी दाखल झाला. केंब्रिजमधलाच त्याचा मित्र रॉजर वॉटर्स त्याआधीच लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकलेचा विद्यार्थी होता आणि निक मेसन व रिचर्ड राइट या सहाध्यायांबरोबर वादन करीत होता. बॅरेट या मंडळींत सामील झाला आणि बँडचे बारसेही त्यानेच केले. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांच्या नावांतून ‘पिंक फ्लॉइड’ हे नाव तयार झाले.

आरंभी ही मंडळी इतरांप्रमाणेच अमेरिकी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या रचना वाजवीत. १९६६ मध्ये मात्र त्यांचे वादन बदलले. नॉटिंग हिल भागातील एका चर्चच्या सभागृहात होणारे प्रयोग, ऑक्टोबरमध्ये राउंडहाउस येथे झालेला ‘इंटरनॅशनल टाइम्स’ या नियतकालिकाचा प्रकाशन सोहळा आणि डिसेंबरमध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडवर सुरू झालेला ‘यूएफओ’ क्लब ही या बदलाची ठिकाणे. एखादी लहानशी सुरावट घ्यायची, तिच्यापासून दूर जात दहा-वीस मिनिटे मनोधर्माने वाजवायचे आणि शेवटी पुन्हा त्या सुरावटीवर यायचे, अशी त्यांची रीत. बॅरेट सिगारेट लायटर गिटारच्या तारांवरून घसरवीत असे आणि ‘बिन्सन’ या इटालियन बनावटीच्या प्रतिध्वनी यंत्रातून तो आवाज लांबवीत असे. राइटच्या ऑर्गनचे पौर्वात्य वळणाचे सूर त्यात मिसळत. वादकांच्या अंगावर रंगीत द्रवांचे हलते प्रकाशझोत सोडले जात. हा अनुभव ऐकण्याइतकाच पाहण्याचाही होता.

पहिली ध्वनिमुद्रिका

१९६७च्या आरंभी ईएमआय कंपनीने बँडशी करार केला. मार्चमध्ये ‘अरनॉल्ड लेन’ हे पहिले सिंगल बाजारात आले. दोरीवर वाळत घातलेले स्त्रियांचे कपडे चोरणाऱ्या एका विक्षिप्त माणसाची ही गोष्ट. ‘रेडिओ लंडन’ या केंद्राने तिच्यावर बंदी घातली, तरीही ब्रिटनच्या यादीत ती विसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. जूनमधील ‘सी एमिली प्ले’ने सहावा क्रमांक गाठला. ऑगस्टमध्ये ‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’ हा पहिला अल्बम प्रकाशित झाला. त्याचे ध्वनिमुद्रण अ‍ॅबी रोडवरील ईएमआयच्या स्टुडिओत झाले. बीटल्स याच वास्तूत ‘सार्जंट पेपर’ घडवीत होते, तर पिंक फ्लॉइडचा निर्माता नॉर्मन स्मिथ हा बीटल्सचा पूर्वीचा ध्वनिमुद्रण अभियंता होता.

या अल्बममधील अकरा रचनांपैकी आठ एकट्या बॅरेटच्या आहेत. अवकाशातील ग्रहगोल, बुजगावणे, बुटका, मांजर, परीकथा वाचून दाखवणारी आई, सायकल असे त्यांचे विषय. एका गाण्याचा आधार ‘आय चिंग’ हा प्राचीन चिनी ग्रंथ आहे. याच तबकडीवर ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ ही साडेनऊ मिनिटांहून मोठी वाद्यरचनाही आहे. बालगीताचा निरागसपणा आणि अवकाशाची भीतिदायक पोकळी एकाच ध्वनिमुद्रिकेत शेजारी शेजारी नांदतात, हे ‘पायपर’चे वैशिष्ट्य होय.

अल्बमचे शीर्षक केनेथ ग्रॅहम या लेखकाच्या ‘द विंड इन द विलोज’ (१९०८) या बालकादंबरीच्या सातव्या प्रकरणावरून घेतले आहे. पाणमांजराचे हरवलेले पिल्लू शोधण्यासाठी दोन प्राणिमित्र रात्रभर नदीतून नाव वल्हवतात. पहाटे त्यांना बासरीचे अलौकिक सूर ऐकू येतात आणि निसर्गदेव पॅनचे दर्शन घडते. त्याच्या पायाशी पिल्लू सुखरूप झोपलेले असते. देव अंतर्धान पावतो, पण जाताना या प्राण्यांना विस्मृतीचे वरदान देतो. त्या दर्शनाची आठवण राहिली, तर पुढचे साधे आयुष्य त्यांना फिके वाटेल, ही त्यामागील करुणा. पिंक फ्लॉइडच्या श्रोत्यांच्या वाट्याला हे वरदान आले नाही.

चार महिन्यांत उतरण

अल्बम गाजत असतानाच बॅरेटची प्रकृती ढासळू लागली. एलएसडी या भ्रमकारक द्रव्याचे सेवन, अकस्मात आलेली प्रसिद्धी, सततचे दौरे आणि मुळातली मानसिक नाजूकता यांपैकी कशाचा वाटा किती, यावर आजही एकमत नाही. कार्यक्रमात तो निश्चल उभा राहू लागला, कधी संपूर्ण वेळ एकच सूर छेडू लागला. नोव्हेंबर १९६७ मधील ‘अ‍ॅपल्स अँड ऑरेंजेस’ हे सिंगल ब्रिटनच्या यादीत पोहोचलेच नाही. अमेरिकेचा पहिला दौराही विस्कटला.

त्या वर्षाच्या अखेरीस केंब्रिजचाच गिटारवादक डेव्हिड गिलमोर याला पाचारण करण्यात आले. जानेवारी १९६८ मध्ये काही कार्यक्रम पाच जणांनी मिळून केले. त्याच महिन्यात साउदम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना बॅरेटला घरून बरोबर घेण्याचे टाळण्यात आले. भांडण नाही, निरोप नाही. गाडी फक्त त्याच्या दाराशी थांबली नाही. एप्रिलमध्ये तो बँडमधून बाहेर पडल्याची अधिकृत घोषणा झाली. पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग या व्यवस्थापकांना बँडचा आत्मा बॅरेटच वाटत होता. त्यांनी चौघांना सोडून त्याची साथ पत्करली.

जूनमध्ये आलेल्या ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ या दुसऱ्या अल्बममध्ये बॅरेटची एकच रचना आहे, ती म्हणजे शेवटचे ‘जगबँड ब्लूज’. साल्व्हेशन आर्मीच्या वाद्यवृंदाचा त्यात वापर आहे. आपण येथे आहोत की नाही, अशी शंका स्वतःविषयीच घेणारे हे गाणे पुढे अनेकांनी त्याचे निरोपाचे गाणे मानले. यानंतर १९७० मध्ये ‘द मॅडकॅप लाफ्स’ आणि ‘बॅरेट’ हे त्याचे दोन स्वतंत्र अल्बम आले. ते पूर्ण करण्यासाठी गिलमोर, वॉटर्स आणि राइट यांनी साहाय्य केले. १९७२ मध्ये केंब्रिजमध्ये ‘स्टार्स’ या नव्या बँडचा प्रयत्न अल्पावधीत आटोपला. त्यानंतर बॅरेट संगीतातून जवळजवळ नाहीसाच झाला.

नंतर आलेले श्रोते

या कथेतील महत्त्वाची बाब अशी, की बॅरेटची गाणी ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ती १९६७ मध्ये ऐकली. ‘पायपर’ ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेला खरा, पण जगभरातील श्रोते पिंक फ्लॉइडकडे वळले ते ‘डार्क साइड’नंतर. त्या यशाचा लाभ घेत १९७३च्या अखेरीस पहिले दोन अल्बम ‘अ नाइस पेअर’ या नावाने जोडीने पुन्हा विक्रीस आणण्यात आले. त्यापूर्वी १९७१ मध्ये ‘रेलिक्स’ हा संग्रह निघाला होता. ‘अरनॉल्ड लेन’ आणि ‘सी एमिली प्ले’ ही दोन्ही गाणी ब्रिटिश ‘पायपर’मध्ये नसल्याने, अनेकांना ती प्रथम ‘रेलिक्स’मधूनच भेटली. ‘अवशेष’ असा अर्थ असलेले नाव बँडने आपल्याच चार वर्षांपूर्वीच्या गाण्यांना द्यावे, हेही बोलके आहे.

आठवणीतला ‘पायपर’ही सर्वांचा सारखा नाही. अमेरिकी आवृत्तीतून ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी डॉमिनी’, ‘फ्लेमिंग’ आणि ‘बाइक’ ही गाणी वगळून ‘सी एमिली प्ले’ घालण्यात आले होते. त्यामुळे ब्रिटिश श्रोत्याचा अल्बम ज्या गाण्याने सुरू होतो आणि ज्या गाण्याने संपतो, ती दोन्ही अमेरिकी श्रोत्याच्या तबकडीवर नव्हती. शिवाय मोनो आणि स्टिरिओ आवृत्त्यांतील ध्वनिमिश्रणही भिन्न आहे. त्या काळी मोनोकडे अधिक लक्ष दिले जाई, म्हणून जुने जाणकार मोनोचाच आग्रह धरतात. २००७ मध्ये अल्बमला चाळीस वर्षे झाली, तेव्हा दोन्ही मिश्रणे एकत्र प्रसिद्ध करण्यात आली आणि हा वाद घरोघरी पडताळून पाहण्याची सोय झाली.

‘सुरुवातीचा’ पिंक फ्लॉइड कोणता, याविषयीही दोन पंथ आहेत. एका पंथासाठी तो बॅरेटबरोबर संपतो. दुसऱ्या पंथासाठी तो १९६८ ते १९७२ या शोधाच्या काळात आहे. ‘उम्मागुम्मा’ (१९६९), ब्रिटनमध्ये अव्वल ठरलेला ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ (१९७०) आणि ‘मेडल’ (१९७१) हे या काळातील अल्बम. ऑक्टोबर १९७१ मध्ये पॉम्पेई येथील प्राचीन रोमन रंगमंडलात, एकाही प्रेक्षकाविना चित्रित झालेला संगीतपट या दुसऱ्या पंथाचे तीर्थक्षेत्र होय. २०२५ मध्ये या चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत पुन्हा चित्रपटगृहांत झळकली. चाचपडण्यातला आनंद, यशाचे सूत्र सापडण्यापूर्वीची मोकळीक आणि चुकण्याची तयारी हे दोन्ही पंथांना समान भावणारे गुण आहेत. पुढे स्टेडियममध्ये हजारोंसमोर, ठरलेल्या क्रमाने, काटेकोर तंत्राने होणाऱ्या प्रयोगांत नेमके हेच हरवले, अशी त्यांची तक्रार असते.

ती पूर्णतः रास्त म्हणता येणार नाही. ‘डार्क साइड’मधील ध्वनिप्रयोगांची मुळे यूएफओ क्लबमधल्या त्या लांबलचक वादनात आहेत. बॅरेटशिवायच्या पाच वर्षांतील कष्टांवाचून ते यशही मिळाले नसते. पण स्मरणरंजन हिशेब मांडत नाही. जे पूर्ण झाले त्यापेक्षा जे अर्धवट राहिले, त्याच्याकडे मन अधिक ओढले जाते. बॅरेटच्या बँडमधील कारकिर्दीचे संचित एक अल्बम, तीन सिंगल्स आणि काही सुटी ध्वनिमुद्रणे एवढेच. त्यामुळे पुढे काय झाले असते, ही कल्पना श्रोत्याला स्वतःच्या मनाप्रमाणे रंगवता येते.

बँडलाही चुकले नाही

या स्मरणरंजनातून खुद्द वॉटर्स, गिलमोर, राइट आणि मेसन हेही सुटले नाहीत. ‘विश यू वेअर हिअर’मधील ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही नऊ भागांची, सुमारे सव्वीस मिनिटांची रचना बॅरेटला उद्देशून आहे. जून १९७५ मध्ये या अल्बमचे काम सुरू असताना अ‍ॅबी रोड स्टुडिओत एक स्थूल गृहस्थ येऊन उभा राहिला. त्याच्या डोक्यावरचे केस आणि भुवया भादरलेल्या होत्या. जुन्या सहकाऱ्यांना त्याची ओळख पटायला बराच वेळ लागला. तो बॅरेट होता. ज्याच्या अनुपस्थितीवर गाणे रचले, तो समोर असताना ओळखू आला नाही, हा प्रसंग त्या चौघांनीही पुढे अनेकदा सांगितला आहे. रचनेच्या अगदी शेवटी, स्वर विरत असताना राइट ‘सी एमिली प्ले’ची एक ओळ वाजवून जातो. लक्षपूर्वक ऐकणाऱ्यालाच ती सापडते.

२ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमधील ‘लाइव्ह ८’ कार्यक्रमात हे चौघे चोवीस वर्षांनी एकत्र आले, तेव्हा वॉटर्सने व्यासपीठावरून बॅरेटची आठवण काढली. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्सचा दौरा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आला. ‘डार्क साइड’ संपूर्ण वाजवणे हे त्या दौऱ्याचे आकर्षण असले, तरी पूर्वार्धात १९६८ सालचे ‘सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन’ आणि बॅरेटवरील ‘शाइन ऑन’ यांना स्थान होते. बॅरेटला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

रॉजर नावाचा गृहस्थ

ज्याच्यासाठी हा सारा आटापिटा, तो मात्र केंब्रिजला आईच्या घरी परतला होता. ‘सिड’ हे नाव त्याने टाकून दिले आणि तो पुन्हा रॉजर झाला. तो चित्रे काढी, बाग राखी, घरातले सामान स्वतः ठोकून तयार करी आणि सायकलवरून बाजारहाट करी. चाहते आणि पत्रकार दाराशी येत, छायाचित्रे टिपत. जुन्या दिवसांचा विषय निघाला की तो अस्वस्थ होई, म्हणून त्याची गाठ घेण्याचा प्रयत्न करू नये, अशी विनंती कुटुंबीय वारंवार करीत. तो वेडा किंवा संन्यासी होता, या समजुतीलाही त्याच्या बहिणीने आक्षेप घेतला. तिच्या मते तो आपल्या परीने आयुष्य जगणारा एक खासगी वृत्तीचा माणूस होता.

येथे स्मरणरंजनाची काळी बाजू दिसते. १९६७ मधील तरुणाचे चित्र जितके उजळ केले जाई, तितका १९९७ मधील मध्यमवयीन माणूस लोकांना ‘भग्नावशेष’ वाटू लागे. आजारपणाला प्रतिभेची किंमत ठरवून त्याचे गोडवे गाण्याची प्रवृत्तीही या कौतुकात मिसळलेली होती. दुसरी बाजूही नमूद करायला हवी. लोक ही गाणी ऐकत राहिले म्हणूनच बॅरेटला मानधन मिळत राहिले. २००१ मधील ‘एकोज’ या निवडक गीतांच्या संग्रहात त्याची पाच गाणी होती आणि त्याच्या वाट्याची रक्कम त्याच्यापर्यंत पोहोचेल, याची काळजी गिलमोर घेत असे. ज्या आठवणींनी त्याच्या दारावर थाप मारली, त्याच आठवणींनी त्याचे घरही चालवले.

७ जुलै २००६ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने केंब्रिजमध्ये त्याचे निधन झाले. तेव्हा तो साठ वर्षांचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्या घरातील वस्तूंचा केंब्रिजमध्ये लिलाव झाला. हाताने केलेले साधे लाकडी सामान, चित्रे, पुस्तके आणि सायकली यांना मिळून एक लाख पौंडांहून अधिक रक्कम आली. ‘बाइक’ या गाण्याचा कर्ता अखेरपर्यंत सायकल चालवीत होता, हे अनेक चाहत्यांना तेव्हा कळले.

पेटाऱ्यातून रंगमंचावर

मे २००७ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात बॅरेटच्या स्मरणार्थ मैफल झाली. वॉटर्स स्वतंत्रपणे गायला. गिलमोर, राइट आणि मेसन यांनी एकत्र ‘अरनॉल्ड लेन’ सादर केले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये राइटही गेला.

दस्तऐवजांचा पेटारा त्यानंतर उघडला. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘द अर्ली इयर्स १९६५-१९७२’ हा सत्तावीस तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला. १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित होऊनही अडवून ठेवलेली ‘व्हेजिटेबल मॅन’ आणि ‘स्क्रीम दाय लास्ट स्क्रीम’ ही गाणी प्रथमच अधिकृतपणे श्रोत्यांच्या हाती आली. तोवर ती चोरट्या ध्वनिफितींतून फिरत होती. २०२३ मध्ये ‘हॅव यू गॉट इट येट?’ हा बॅरेटवरील माहितीपट प्रदर्शित झाला. त्याचे दोन दिग्दर्शक म्हणजे रॉडी बोगावा आणि बँडची अनेक मुखपृष्ठे घडवणारा, २०१३ मध्ये दिवंगत झालेला स्टॉर्म थॉर्गरसन. जवळच्या माणसांनी कॅमेऱ्यासमोर दिलेली कबुली हे या माहितीपटाचे सार आहे. १९६८ मध्ये आपण मित्राला नीट सावरू शकलो नाही, ही बोच त्यांच्या बोलण्यात ऐकू येते.

या ओढीला सर्वात आरोग्यपूर्ण वळण दिले ते निक मेसनने. मे २०१८ मध्ये त्याने ‘सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ या नावाचा बँड रंगमंचावर आणला. गॅरी केम्प, गाय प्रॅट, ली हॅरिस आणि डॉम बेकन हे त्याचे साथीदार. नियम एकच, ‘डार्क साइड’पूर्वीच्याच रचना वाजवायच्या. हुबेहूब नकलेचा आग्रह नाही. मूळ बँडप्रमाणे मधल्या जागा मोकळ्या ठेवून वाजवायचे. एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात वॉटर्सनेही हजेरी लावून एक गाणे गायले. ज्या रचना दिवसेंदिवस केवळ जुन्या तबकड्यांवर उरल्या होत्या, त्या पुन्हा दर रात्री थोड्या वेगळ्या वाजू लागल्या.

स्मरणरंजनाचे हे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. एक हरवलेल्या माणसाच्या दाराशी जाऊन उभा राहतो आणि तू पूर्वीसारखा हो, असे त्याला विनवतो. दुसरा माणसाला त्याच्या बागेत निवांत राहू देतो आणि त्याने मागे ठेवलेले गाणे पुढे वाजवतो. केंब्रिजच्या रॉजर बॅरेटला आयुष्यभर पहिला प्रकारच अधिक भेटला. दुसरा रंगमंचावर आला, तेव्हा तो ऐकायला उरला नव्हता.